म्हात्रेबाईंची हद्द

तालुक्याची बैठक संपत आली की साहेब एक प्रश्न हमखास विचारायचे, "कुणाला काही अडचण?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे आम्हा शिक्षकांना पक्कं ठाऊक होतं. तोवर वह्या पिशव्यांत गेलेल्या असत आणि बाहेर चहाचे कप मांडल्याचा आवाज येत असे. नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या रांगेतून खुर्ची सरकायची आणि मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "उठल्या."

म्हात्रेबाई उभ्या राहिलेल्या असत. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आवाज मात्र मैदानावर कवायत घेणाऱ्याचा. "हाय ना साहेब," त्या म्हणायच्या, "अडचण हाय." आणि सांगायला लागायच्या. मोबाईलवर हजेरी भरायची तर वाडीत रेंज नाही, टेकडीवर चढून भरेपर्यंत पहिला तास जातो. नाहीतर, पहिलीच्या पुस्तकातली भाषा आमच्या मुलांच्या घरात कुणी बोलत नाही, त्याचं काय करायचं. साहेब मान हलवायचे, "बघू, वर कळवू," म्हणायचे. पुढच्या बैठकीत बाई पुन्हा उठायच्या. सव्वीस वर्षं त्या अशा उठत होत्या. मी एकदा विचारलं, "बाई, कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "सर, विचारणारा दर वेळी विचारतो. मग सांगणाऱ्यानं कंटाळून कसं चालेल?"

मी त्यांच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून गेलो. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं उमेदवारी, ती नीट पार पडली तर कायम. मी शिर्के, रोह्याजवळच्या वरश्याचा, शाळा पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुककडे जाणाऱ्या रस्त्याला आत, एका कातकरी वाडीत. दोन खोल्या, चार इयत्ता, बावीस मुलं, म्हात्रेबाई मुख्याध्यापिका आणि दुसरा मी. रोज मोटरसायकलवर दीड तास जायला, दीड तास यायला. माझा बेत साधा होता. तीन वर्षं मान खाली घालून काढायची, कायम झालं की रोह्याला बदली मागायची.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर मुलांसमोर बाई नव्हत्याच. टोपलं घेऊन एक बाई उभी होती आणि टोपल्यातून एकेक कंद काढून मुलांना दाखवत होती. म्हात्रेबाई मुलांमध्ये मांडी घालून बसल्या होत्या आणि वहीत भराभर लिहून घेत होत्या. मला बघून त्यांनी बाजूला जागा केली. "बसा सर. गुलाबताई करांद्याचं सांगतेय. कडू कुठला, गोड कुठला, कुठला किती वेळा उकडायचा. हे मला नाय येत, तुम्हालाही नाय येत. पोरांना येतं."

पहिलीत आलेलं वाडीतलं मूल सहा-सहा महिने तोंड उघडत नसे. आधीच्या शिक्षकांनी त्यावर 'मंद' असा शेरा मारून ठेवला होता. बाईंनी एका पोराला ओहोळावर पाहिलं. तोंडाला कुलूप असलेला तो मुलगा दगड उलथवत खेकड्यांशी अखंड बडबडत होता. "त्या दिवशी मला माझीच लाज वाटली," बाई म्हणाल्या. "पोरगं मुकं नव्हतं. मी भयरी होते."

मग माझ्या तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये शाळा उघडताच, त्यांनी वर्गाची भिंत केली. बाई मूळच्या हमरापूरच्या. माहेरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. भावाकडे मूर्ती रंगवून उरलेले रंग त्यांनी डबेच्या डबे उचलून आणले आणि मुलांना म्हणाल्या, तुमचे शब्द सांगा, आपण भिंतीवर काढू. क करांद्याचा. म मुठ्याचा, म्हणजे शेतातल्या त्या लहान खेकड्याचा. व वांबीचा, म्हणजे सापासारख्या लांब माशाचा, ट टोपल्याचा, घ घोरपडीचा. रंग मूर्तींचे, त्यामुळे खेकडा सोनेरी, घोरपड गुलाबी आणि वांब पितांबराच्या चकचकीत पिवळ्या रंगाची. प्रत्येक शब्दाखाली मुलांच्या घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द, दोन्ही. मी इतकी देखणी भिंत आजवर कुठल्याही शाळेत पाहिलेली नाही. मुलं शाळा सुटल्यावरही भिंतीला बोटं लावत वाचत राहायची. आया घरी जाताना दारातून डोकावायच्या आणि आपला शब्द कुठे आहे ते शोधायच्या. त्या चार महिन्यांत पहिलीची पाच मुलं वाचायला लागली. मला रात्री झोपताना सकाळची घाई झालेली असायची, इतकं ते सगळं अंगात भिनलं होतं.

मग आम्हा दोघांना प्रशिक्षणाला बोलावणं आलं. पेणला, पाच दिवस. विषय होता 'मुलांच्या घरच्या भाषेतून शिक्षण'. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती आणि बाई पहिल्या रांगेत बसून आनंदाने मान डोलावत होत्या. "बघा सर, वर पोचलं. कुणाच्या तरी कानावर गेलं."

सहाव्या दिवशी आम्ही शाळेत आलो तर मुलं बाहेरच उभी. आत गेलो. भिंत पांढरीशुभ्र होती आणि त्या पांढऱ्यावर छापल्यासारखी चित्रं होती. अ अननसाचा. ए एडक्याचा. ऐ ऐरणीचा. ठ ठशाचा. 'बोलक्या भिंती' म्हणून कुठलासा निधी आला होता, सप्टेंबर संपायच्या आत रंगवायचं होतं, रंगारी येऊन दोन दिवसांत रंगवून गेला होता. आम्ही नव्हतो, म्हणून त्याने सरपंचांकडून किल्ली घेतली. कुणाचा वाईट हेतू नव्हता. साहेबांनी तर ग्रुपवर फोटो टाकून आमच्या शाळेचं अभिनंदनही केलं होतं.

बाई उंबऱ्यावर बसल्या. शाळेच्या वेळात त्यांना नुसतं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग अननसाकडे बोट दाखवून मुलांना म्हणाल्या, "ह्ये काय हाय?"

मुलं विचारात पडली. तिसरीतली सोनी, गुलाबताईची मुलगी, पुढे येऊन नीट निरखून म्हणाली, "फणसाचं पिल्लू."

बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं किती हसण्याचं होतं आणि किती दुसरं, ते मला कळलं नाही. डोळे पुसून त्या उठल्या. "ही भिंत सरकारची, सर. सरकारनं रंगवली. पण वाडीत भिंती काय कमी हायत?"

त्याच दुपारी त्या घरोघर गेल्या. मागे मी आणि माझ्या मागे बावीस मुलं रंगाचे डबे घेऊन. पहिलं घर गुलाबताईचं. कुडाला माती लिंपलेली, तीन हात रुंद भिंत. बाईंनी विचारलं, "गुलाबताय, तुझ्या भिंतीवर शाळा काढली तर चालेल?" गुलाबताई म्हणाली, "काड की गो बाय. पण माझे भिंतीवर करांदा पायजे. तो मीच सांगितलेला." आठवडाभरात सगळी वाडी रंगली. पंधरा घरं, प्रत्येक घराला दोन-तीन अक्षरं. एकाच्या घराला घोरपड मिळाली म्हणून शेजारच्याला वाघ हवा झाला. म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर बसून विचारू लागली, "माझ्या घराव काय लिवलंय रं?" आणि नातवंडं वाचून दाखवू लागली. शाळेत यायचं म्हणजे अख्खं पुस्तक ओलांडून यायचं, असं होऊन बसलं.

हे सगळं असं भरात आलं. पण दिवाळी झाली आणि वाडी रिकामी व्हायला लागली. दरवर्षीचंच होतं ते. भात झोडून झालं की घरंच्या घरं वीटभट्टीवर जायची, ती मेमध्ये परतायची. आमच्या बावीसपैकी सोळा मुलं गेली. सोनीही गेली. शाळेत उरली सहा, आणि ज्यांची घरं रंगली होती त्यांच्या दारांना बाहेरून दोऱ्या बांधलेल्या.

त्याच महिन्यात पत्र आलं. पट कमी असलेल्या शाळा जवळच्या शाळेत समाविष्ट करायच्या, प्रत्यक्ष उपस्थिती तपासली जाईल. आमची 'जवळची' शाळा हमरस्त्यापलीकडे चार किलोमीटरवर होती. पहिलीचं मूल तिथे एकटं जाणार नाही, हे पत्र लिहिणाऱ्यालाही कळलं असतं, जर तो एकदा तो रस्ता ओलांडून गेला असता.

"यंदा भट्टी कुठं हाय?" बाईंनी वाडीत मागे राहिलेल्या एका आजीला विचारलं. आजी म्हणाली, रोह्याच्या अलीकडं, नदीच्या अंगाला. बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुमच्या घरच्या वाटेवर, सर."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. भट्टीवर पोचलो तर समोर कच्च्या विटांच्या लांबच लांब ओळी वाळत पडलेल्या, आणि मुकादम आमच्याकडेच तणतणत आला. "तुमीच का ह्यांचे मास्तर? त्या पोरीनं बघा काय करून ठेवलंय. दोन ओळी इटा खराब केल्या."

आम्ही बघायला गेलो. ओल्या विटांवर काडीने कोरलेली अक्षरं होती. एका विटेवर 'सोनी'. पुढच्या विटेवर 'करांदा'. मग 'मुठा', 'वांब', 'आई', 'टोपला'. ओळीच्या टोकाला सोनी ओल्या मातीने माखलेल्या हातांनी उभी होती आणि तिच्या भोवती सात-आठ मुलं. त्यातली निम्मी आमची नव्हतीच, कुठल्या कुठल्या वाड्यांवरून आलेली. सोनी त्यांना शिकवत होती. फळा नव्हता, म्हणून विटा घेतल्या होत्या.

बाई ओणव्या होऊन एकेक वीट वाचत पुढे सरकल्या. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून आल्या. मग मुकादमाला विचारलं, "दादा, ही वीट भाजली की अक्षर जातं का?"

"जाईल कसं? भाजल्याव पक्कं होतं."

"मग खराब कशी?"

मुकादमाने वाकून विटेवरच्या अक्षरावरून बोट फिरवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून ओरडा होता. त्याने पोरांना दम दिला की विटेला हात लावायचा नाही, आणि मग आम्हाला पाण्याच्या टाकीमागची ताडपत्रीखालची जागा दाखवली. "बसा हितं. कामाच्या आड येऊ नका."

परत निघताना बाई मोटरसायकलवर मागे बसून सारख्या बोलत होत्या. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं. एवढं कळलं की त्यांना फळा हवा होता, दोन चटया हव्या होत्या आणि पुढच्या शनिवारपर्यंत थांबणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

असा तो वर्ग सुरू झाला. शनिवार दुपार आणि रविवार सकाळ. अधल्यामधल्या दिवशी घरी जाताना मी अर्धा तास थांबायचो, बाकी वेळ सोनी सांभाळायची. ताडपत्रीखाली आमची सोळा आणि परकी नऊ मुलं बसू लागली.

बैठकीत बाई उठल्या. "साहेब, आमची सोळा मुलं शिकतायत. त्यांची हजेरी धरा."

साहेब वैतागले. "बाई, मुलं रोहा तालुक्यात, पट पेण तालुक्यात. एक मूल एकाच वेळी दोन तालुक्यांत कसं असेल?"

"मूल एकाच ठिकाणी हाय साहेब. तालुके दोन हायत."

सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. स्थलांतर करणाऱ्या मुलाला कार्ड द्यायचं, ते घेऊन त्याने तिथल्या शाळेत जायचं, अशी सोय कागदावर होती. पण भट्टीपासून तिथली शाळा दूर, मुलांना नेणार कोण, आणि मध्येच आलेली मुलं मधल्याच वर्षात बसवून घ्यायला ती शाळाही फारशी राजी नव्हती. बाईंनी हेही सांगितलं. आठवड्याने आम्हा दोघांना नोटीस आली. 'विनापरवानगी कार्यक्षेत्राबाहेर अध्यापन केल्याबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा.'

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजून कान तापतात. माझी तीन वर्षं पुरी व्हायला चार महिने राहिले होते. घरी आई म्हणाली, "कायम होईस्तोवर गप रहा रे बाबा." मी भट्टीवर जाणं बंद केलं. बाईंना मी कारण सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शनिवारी शाळा सुटली की त्या एकट्या मिनिडोर रिक्षा पकडायच्या, नागोठण्याला उतरून दुसरी धरायच्या, तिथून भट्टीपर्यंत चालत.

दुसऱ्या शनिवारी मी त्याच रस्त्याने घरी निघालो होतो. भट्टी आली तसा मी वेग वाढवला. तरी नजर गेलीच. ताडपत्रीखाली बाई उभ्या होत्या, हात वर करून फळ्यावर काहीतरी काढत होत्या. मोटरसायकलचा आवाज ओळखून त्या वळल्या. मला वाटलं, आता त्या मान फिरवतील. त्यांनी हात हलवला. सकाळी शाळेत शिरताना हलवायच्या तसाच, साधा. मुलांनीही हात हलवले. मी पुढे निघून गेलो. एक मैल गेलो असेन. मग गाडी वळवली.

मी ताडपत्रीखाली शिरलो तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "दुसरीची वजाबाकी राहिलीय, सर. तेवढी घ्या." बस्स. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात कधी एक शब्दही झाला नाही. त्यांनी खुलाशात काय लिहिलं होतं ते मला पुढे कार्यालयातल्या एका कारकुनाने सांगितलं, त्याला ते तोंडपाठ झालं होतं. 'मी कार्यक्षेत्राबाहेर शिकवले हे खरे आहे. माझे कार्यक्षेत्र म्हणजे माझी बावीस मुले. ती जिथे गेली तिथे मी गेले. शिर्के सर माझ्या सांगण्यावरून आले. त्यांना यात धरू नये.'

फेब्रुवारीत साहेब बदलले. नवे साहेब न कळवता पटाची तपासणी करायला आले. वयाने तरुण, बोलणं कमी, हातात यादी. वर्गात सहा मुलं. "बाकीची सोळा?" त्यांनी विचारलं.

मी हजेरीपट चाळल्यासारखं केलं. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "बघायचीत? चला, दाखवते." त्यांनी कपाटातून शेरेबुक काढलं. भेटीला आलेला अधिकारी ज्यात आपला शेरा लिहितो ते जाड बाड. ते काखेत मारून त्या साहेबांच्या गाडीत जाऊन बसल्यासुद्धा. साहेबांनी आधी बाईंकडे, मग चालकाकडे बघितलं आणि निमूट बसले. सहा मुलांना घेऊन मी मागे राहिलो, त्यामुळे पुढचं मी बाईंच्या तोंडून ऐकलं, आणि नंतर सोनीच्या. दोघींचं सांगणं तंतोतंत जुळत होतं.

त्या दिवशी वर्गाचा वार नव्हता. मुलं विटा उलथवत होती. बाईंना बघून ती धावत आली आणि आपण होऊन ताडपत्रीखाली ओळीत बसली. साहेब उभेच. सोनी त्यांना म्हणाली, "बसा की. उभ्यानं शाळा नसते." साहेब बूट काढून चटईवर बसले. सोनीने त्यांच्यापुढे पाटी धरली आणि एकेका मुलाला वाचायला उठवलं. परक्या वाडीतली एक चिमुरडी, जिला डिसेंबरात पेन्सिल धरता येत नव्हती, तिने चार ओळी न अडखळता वाचल्या. मग सोनीने पाटी साहेबांकडे दिली. "आता तुमी."

पाटीवर मुलांच्या भाषेतला शब्द होता. साहेबांनी वाचला, पण त्यांना अर्थ लागला नाही. मुलं खुदखुदली आणि त्यांनी साहेबांना तो समजावला. साहेबांनी तो पुन्हा म्हटला. पुन्हा चुकीचा. मुलांनी पुन्हा सुधारला.

निघताना ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, याला लेखी परवानगी मला देता येणार नाही. मी हे बघितलं नाही असं समजा."

"नाय साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही बघितलंय असंच मला समजायचंय." आणि शेरेबुक उघडून पुढे धरलं.

मुकादमसुद्धा काम सोडून येऊन उभा राहिला होता. मग साहेबांनी पेन काढलं. लिहिलं, 'शाळेचा भट्टीवरील वर्ग पाहिला. पटावरील सोळा मुले प्रत्यक्ष हजर. मुले वाचतात.' खाली सही, तारीख.

बाई संध्याकाळी शाळेत परतल्या. मी फाटकातच उभा होतो. शेरेबुक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाचा." मी मनात वाचलं. "मोठ्यानं." मी मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. शाळेच्या समावेशाचा प्रस्ताव निघाला तेव्हा आमच्या नावापुढे त्या तीन वाक्यांची प्रत जोडलेली होती. शाळा यादीतून वगळली गेली. वाडीत मागे राहिलेल्या आजीबायांना मी हे सांगायला गेलो तर त्यांनी मला गुळाचा खडा दिला आणि विचारलं, "बंद व्हनार होती का? आमाला तर बाय बोलली, काय होत नाय."

म्हणजे त्यांनी वाडीला धास्तीच लागू दिली नव्हती. सगळी स्वतःकडे ठेवली होती.

मी कायम झालो. पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी घंटा होईपर्यंत चौथीला भागाकार शिकवला, हजेरीपटावर सही केली आणि गुलाबताईच्या ओट्यावर बसून चहा प्यायला. वाडीतल्या बायकांनी त्यांची ओटी भरली, त्यात नारळाशेजारी करांदे होते. बाईंना मिनिडोरमध्ये बसवताना मी म्हटलं, "बाई, तुमच्याशिवाय बैठकीत अगदी शांतता होईल." त्या म्हणाल्या, "का? तुमचे पाय दुखतात काय?"

बदल्यांची यादी उघडली तेव्हा रोह्याच्या बाजूला एक जागा रिकामी दिसली. घरापासून वीस मिनिटं. याच जागेसाठी मी नोकरीला लागल्यापासून दिवस मोजले होते आणि आता बोट पुढे जाईना. वाडी सोडायची म्हणजे बाईंना दगा देणं, असं वाटत होतं. शेवटी बाईंना फोन केला. त्या आता हमरापूरला भावाच्या कारखान्यात असत. मनात होतं, त्या म्हणतील, नका जाऊ.

"कुठली शाळा म्हणालात?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. मग हमरापूरच्या त्या कारखान्यातल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अहो सर, भट्टी त्याच शाळेच्या हद्दीत येते."

मला हे सुचलंच नव्हतं. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने गेलो होतो आणि मला सुचलं नव्हतं. पेणच्या वाडीवर माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेला मी मुलांची कार्डं कशी भरायची ते दाखवून आलो. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात दिला, आणि दिवाळीनंतर ती भरलेली कार्डं माझ्या शाळेत आली. सोळा मुलं, रोहा तालुका, मधल्या वर्षात प्रवेश, सगळं रीतसर. त्यांच्याबरोबर इतर वाड्यांवरची नऊ. नव्या मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, मी त्यांना शेरेबुकातल्या त्या पानाची प्रत दाखवली, आणि भट्टीवर वर्ग भरवायच्या परवानगीचा कागद दुपारपर्यंत टाईप झाला.

पहिल्या दिवशी मी फळा, खडू आणि हजेरीपट घेऊन भट्टीवर गेलो. मुकादमाने ताडपत्री नवी लावली होती. मुलं बसली होती. सोनी आता पाचवीत, पेणला शिकायला राहिली होती, म्हणून या वेळी तिची जागा तिच्या धाकट्या बहिणीने घेतली होती. मी नावं वाचली. प्रत्येकाने 'हजर' म्हटलं आणि मी प्रत्येकासमोर खूण केली, खरीखुरी, त्याच तालुक्यातली.

फळ्याकडे वळलो आणि लिहायला लागलो. खडू दोनदा तुटला. मागे चटईवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, उशिरा आलेलं एखादं मूल असेल.

"अक्षर मोठं काढा, सर," मागून कवायत घेणारा तोच आवाज आला. "हितं शेवटच्या ओळीत दिसत नाय."